मोजकीचं टेबल

चिठ्ठी आत्यांच्या हाती लागायला नको होती. ती धाकटीसाठी होती, तिच्या टेबलावर भिंगाखाली ठेवलेली. पण शनिवारी सकाळी कारखान्याचे दिवे लावायला सगळ्यांच्या आधी आत्या जातात, आणि भिंगाखाली कागद ठेवला तर त्यावरची अक्षरं मोठी दिसणारच.

‘उद्या भाऊ मला न्यायला येतोय. माझं टेबल दुसऱ्या कुणाला द्या. मी बिघडले आहे आणि माझी दुरुस्ती होत नाहीये. तुम्ही सगळे चांगले आहात.’

शेवटच्या वाक्याने आत्यांचं डोकं फिरलं. वाईट आहात असं लिहिलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

दुपारी दुकानाचं दार लावून सगळे जेवायला बसले तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी मिठाच्या बरणीला टेकवून उभी केली. शनिवारी कारखान्यातच जेवायचं, लांब टेबलावरचे स्क्रू आणि चिमटे बाजूला सारून, हा त्यांचा नियम. काटे दुरुस्त करण्याचं काम या घरात तीन पिढ्यांचं. सोनारांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे, म्हणजे ज्यांना केसभर फरक चालत नाही अशांचे तराजू इथे येतात. आत्यांचा भाऊ वारल्यावर त्याचं दुकान त्यांनीच चालवलं आणि त्याची दोन पोरंही. ती दोघं आता समोर बसली होती, थोरला आणि धाकटी. थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, भात वाढत होती. पाचवी खुर्ची तीन आठवडे रिकामी होती.

“कोण काय बोललं तिला?” आत्या म्हणाल्या. “खरं सांगा. मी रागावणार नाही.”

त्या आधीच रागावलेल्या होत्या.

“मी एक शब्द बोललो नाही,” थोरला म्हणाला. “वीस तारखेला प्रयोगशाळेचे बारा काटे द्यायचेत, ते तिच्याशिवाय कोण करणार, हेसुद्धा मी तिच्या कानावर घातलं नाही.”

“तिच्या कानावर नाही घातलंस,” वहिनी म्हणाली. “जिन्यात उभा राहून फोनवर कुणाच्या तरी कानावर घालत होतास. वरच्या खोलीचं दार काही दगडाचं नाही.”

थोरल्याने भातात लक्ष घातलं.

वरच्या खोलीत मोजकी राहायची. धाकटीची तंत्रशाळेतली मैत्रीण. एक महिना काम शिकायला म्हणून आली आणि सात वर्षं झाली तरी गेली नाही. पहिल्या दिवशी आत्यांनी तिला विचारलं होतं, काम आवडलं का गं? तिने बराच विचार करून “पुरेसं” असं उत्तर दिलं, तेव्हापासून ती मोजकी. काचेच्या पेटीत ठेवायचा नाजूकातला नाजूक तराजू तिच्या हाताखालून गेला की आत्याही तो परत तपासत नसत. धाकटीला दुसरी मैत्रीण नव्हती आणि तिला कधी तशी गरजही वाटली नव्हती.

“मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं सगळ्यांना,” धाकटी म्हणाली. तिने ताटाला हात लावला नव्हता. “याच टेबलावर सांगितलं होतं.”

सांगितलं होतं, हे खरं. मोजकी ऑटिस्टिक आहे हे दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनीच सांगितलेलं. त्यात नवीन काही नव्हतं. नवीन हे होतं की इतकी वर्षं बाकीच्यांसारखं वागून दाखवायला तिला जी ताकद लागायची ती संपली. बोलणं जातं, आवाज सोसवत नाही, उजेड सोसवत नाही, हातात मुरलेलं कामसुद्धा हातातून जातं. त्याला बर्नआउट म्हणतात, आठवडे लागतील, महिने लागतील, असं धाकटीने समजावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. “म्हणजे विश्रांती हवी,” वहिनी म्हणाली होती, आणि मग जो तो मोजकीला विश्रांती द्यायला जिना चढू लागला.

थोरल्याला बाकी काही आठवो न आठवो, ती अशी संपण्याआधीचे पाच महिने आठवत होते. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा दुकानाच्या गल्ल्यावर मोजकी उभी राहिली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तीच म्हणाली, मी करते. सकाळी नऊ ते सहा, येणाऱ्या प्रत्येकाशी हसून बोलायची. तो अंथरुणात पडून बायकोला म्हणाला होता, बघ, सुधारली की नाही पोरगी. तो शब्द आता त्याला भातापेक्षा जड जात होता.

“मी काय केलं ते सांगतो,” तो म्हणाला. “रोज नाही. तीनदा. औषधवाल्यांचे छोटे काटे तिच्या दाराशी ठेवले. सहज. जमलं तर बघ म्हणून. हाताला काम असलं की माणसाला बरं वाटतं.”

“मला बोलला नाहीस,” धाकटी म्हणाली.

“दोन करून दिले तिने. तिसरा परत आला तो खोललेला. सगळे भाग कागदात नीट बांधून. तिला तो जोडता आला नव्हता.” त्याने ताट थोडं बाजूला सारलं. “डोळे मिटून जोडायची ती. मी गुपचूप जोडला आणि पाठवून दिला.”

वहिनी इतका वेळ नवऱ्याविरुद्ध होती. आता तिने त्याच्या ताटात न मागता बटाटा वाढला, आणि खाली बसली. “मी तिचं पांघरूण धुतलं,” ती म्हणाली. “दोन आठवडे तेच अंगावर घेत होती. वासाचा साबण आणला मुद्दाम, प्रसन्न वाटेल म्हणून. खोली पण आवरली थोडी. तेव्हापासून ते पांघरूण तिने दाराबाहेर ठेवलंय आणि नुसत्या कोटात झोपते. मला वाटलं, राग आला असेल.”

“आणि शेजारच्या शिंपीणबाईंना वर कोण घेऊन गेलं?”

“दहा मिनिटं, आत्या. त्यांच्या भाचीला असंच काहीतरी झालं होतं म्हणे. अनुभवाचे चार शब्द ऐकले तर बरं, असं वाटलं मला. आणि तुम्ही? तुम्ही रोज दुपारी दोन तास तिच्या उशाशी बसता ते?”

“बसते. बोलत नाही.”

“आत्या,” थोरला म्हणाला.

“थोडंसं बोलते. आज कसं वाटतंय, एवढं तर विचारायलाच हवं ना? काल अर्धा बटाटा खाल्लास, आज पाऊण खा. परवा नखं कापून देऊ का म्हटलं. यात काय आहे?”

धाकटी उठून खिडकीपाशी गेली. आत्ता तिच्या मनात चाललं होतं ते असं: या तिघांवर ओरडायचा मला पूर्ण हक्क आहे, मी ओरडणार आहे. तिने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

“आत्या, तुझ्या वाढदिवसाला तिला खाली मी आणलं. तिने नको म्हणून मान हलवली होती. मी म्हटलं, फक्त पाच मिनिटं. आत्याला किती बरं वाटेल. तिने केस विंचरले, खाली आली, तुला शुभेच्छा दिल्या, हसली. मला इतका आनंद झाला. वाटलं, येतेय परत.” ती थांबली. “त्याला आज नऊ दिवस झाले. तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नाही. आणि मी रोज तिला फोनवर लिहून विचारते, बरी आहेस ना. एकदा नाही. दहादा. माहीत असलेली मीच होते इथे.”

ती रडायला लागली. वहिनी उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आत्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. तीच चार वाक्यं, पण या वेळी त्यांना बराच वेळ लागला.

“मी नुसतं टाकून बघत होतो,” थोरला कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. “काटा दुरुस्त झाला की हलकं वजन टाकून बघतोच ना आपण. मग जरा जड. सवय आहे हाताला.”

“काय म्हणालास?”

“सवय आहे म्हटलं.”

“सगळ्यांनाच आहे.” आत्यांनी चष्मा काढला. “माझा अर्धा बटाटा, हिची शिंपीण, तुझे तीन काटे, हिची पाच मिनिटं. जो तो आपलं एक वजन टाकून बघतोय, आली का जाग्यावर. आणि पारडं कुणी मोकळंच केलेलं नाही. पारडं भरलेलं असताना काटा शून्यावर येतो का कधी? पन्नास वर्षं मी पोरांना हे ओरडून शिकवलं.”

मग थोरला म्हणाला, “प्रयोगशाळेला मी सोमवारी जाऊन सांगतो. सहा वेळेवर देऊ, सहा उशिरा. ओरडले तर ओरडू देत.”

“तिला मात्र सांगायचं नाही की आम्ही तुझ्यासाठी मुदत मागून घेतली,” धाकटी नाक पुसत म्हणाली. “ते पण ओझंच.”

“बरं. मग मी काय करायचं? काहीतरी तर करू दे.”

यावर धाकटीला एक जुनी गोष्ट आठवली आणि आठवल्याची लाज वाटली. मागच्या वर्षी दोघी स्क्रू निवडत बसल्या असताना मोजकीने स्वतःहून सांगितलं होतं: मी कधी बंद पडले तर मला प्रश्न विचारू नका. तेच जेवण, त्याच वेळेला. उजेड कमी. माझ्या वस्तू हलवू नका. आणि मी परत येईन की नाही याची काळजी माझ्यासमोर करू नका, कारण मग तुमचीही काळजी मलाच करावी लागते. धाकटीने तेव्हा हसून तिच्या हातावर चापट मारली होती. तू कशाला बंद पडतेस, म्हणाली होती. आता तिने ते सगळं जसंच्या तसं सांगितलं.

वहिनी म्हणाली, पांघरूण मी साध्या पाण्यातून चारदा काढते, वास जाईपर्यंत. थोरला म्हणाला, तिच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही, मी त्यावर कापड घालतो, सगळं आहे तसंच ठेवून. जिन्याच्या दिव्याचा बल्बही बदलतो. दोघं कामाला लागली आणि आत्या एकट्याच बसून राहिल्या.

“तुला बसू नको म्हणणं जिवावर येतं, आत्या,” धाकटी शेजारी येऊन म्हणाली.

“या घरात आजाऱ्याला एकटं ठेवत नाहीत.”

“माहीत आहे.”

“नाही, तुला माहीत नाही. तुझा बाप गेला तेव्हा मी चहा आणायला खाली गेले होते. सात मिनिटं. परत आले तर…” हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. “तेव्हापासून माझा हा नियम. घरात आलेल्या सुनेला पाळायला लावला, तुम्हाला लावला. आता तू म्हणतेस, तिला एकटं सोड.”

“सोड नाही म्हणत. राहू दे म्हणते. तू तिच्याजवळ बसतेस ना, तेव्हा ती दोन तास तुझ्यासाठी बरी दिसायचा प्रयत्न करते. बाबा अंथरुणात पडून तुझ्याकडे बघून हसायचे, आठवतं?”

आत्यांना आठवत होतं. तो हसायचा आणि त्या बाहेर गेल्या की कण्हायचा. नर्सने नंतर सांगितलं होतं. त्यांनी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं आणि आजही सांगितलं नाही. त्यांनी फक्त भाचीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

“लिही,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी सांगते.”

उत्तर लिहायला एक तास लागला. आत्या सांगत होत्या, धाकटी लिहीत होती आणि लिहिलेलं खोडत होती. ‘आज कसं वाटतंय’ खोडलं. ‘नीट जेवतेस ना’ खोडलं. ‘तू गेलीस तर आम्हाला करमणार नाही’ यावर दोघींचं जुंपलं. आत्या म्हणाल्या खरं आहे ते, धाकटी म्हणाली खरं आहे पण ते तिने उचलायचं नाही. ते दोनदा खोडलं. चांगल्या कागदावर उतरवून काढायला हवं होतं, पण तोवर चार वाजत आले होते आणि तिला सध्या चालणारा एकुलता पदार्थ, उकडलेला बटाटा, तयार होता. चारची वेळ चुकवायची नाही असं नुकतंच ठरलेलं. तोच खाडाखोडीचा कागद बशीखाली गेला.

बशी ठेवताना धाकटीने दार वाजवलं नाही. ती अनवाणी गेली आणि तशीच परत आली.

*

मोजकीने कागद वाचला तो तुकड्यातुकड्याने. अलीकडे ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात निसटायची.

‘टेबल तुझंच आहे. झाकलंय, आवरलेलं नाही. दुपारी चारला आणि सकाळी आठला दाराशी जेवण ठेवू, रोज हेच. दार कुणी वाजवणार नाही. आत्या खाली असतील, जिन्यात घंटा ठेवलीय, कधीही वाजव, किंवा कधीच नको. उत्तर नको. उद्या तुझा भाऊ येईल. जायचं असेल तर जा, कुणालाही वाईट वाटणार नाही. तसं असेल तर बॅग दाराबाहेर ठेव. राहायचं असेल तर काहीच करू नकोस. दार बंद असू दे.’

‘कुणालाही वाईट वाटणार नाही’ हे खोटं होतं. खोडलेल्या ओळी तिला वाचता येत होत्या. भाषा आत्यांची, खोडणं धाकटीचं, दाबून, दोनदा. तिने त्या मजकुरापेक्षा जास्त वेळ वाचल्या. इतके प्रश्न विचारायचे होते त्यांना, आणि एकेक करून परत घेतले होते. तीन आठवडे तिला वाटत होतं की आपण एक बिघडलेली वस्तू आहोत, जिच्याभोवती चांगली माणसं हत्यारं घेऊन उभी आहेत. कागद तिने उशाखाली ठेवला. बटाटा खाल्ला, किती ते पाहिलं नाही. बॅग भरलेली होती, दारापासून दोन पावलांवर.

*

तिचा भाऊ रविवारी दहाला आला. उंच, घाईतला माणूस, गाडीची किल्ली हातातच. विमा कचेरीत होता आणि माणसांना समजावणं हेच त्याचं काम होतं.

“कुठाय ती? तयार आहे ना?” तो म्हणाला. “घरी आली की आठ दिवसांत सरळ होईल. तुम्ही फार लाडावलंत तिला. लहानपणीही असंच करायची, कपाटात जाऊन बसायची. वडील बाहेर ओढून काढायचे, मग यायची ताळ्यावर.”

थोरला काहीतरी बोलणार होता. आत्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“बघून ये,” त्या धाकटीला म्हणाल्या.

धाकटी जिना चढली. जिन्यात नवा बल्ब होता, मंद, पिवळसर. सोळा पायऱ्या; ती लहानपणापासून मोजत आली होती. नवव्या पायरीवर तिला वाटलं, बॅग बाहेर असेल तर मी खाली जाऊन सगळ्यांना हसून सांगायचं, आणि ते मला जमायला हवं. बाराव्या पायरीवर वाटलं, जमणार नाही. वळणावरून तिला दार दिसलं. ती तिथेच थांबली, जवळ गेली नाही, आणि परत फिरली.

ती खाली आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे वहिनीने आधी उलटाच अर्थ घेतला.

“बॅग नाहीये,” धाकटी म्हणाली. “दार बंद आहे.”

“बंद आहे म्हणजे?” भाऊ जिन्याकडे निघाला. “मी वाजवतो ना.”

आत्या पहिल्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. सत्तरीची बाई, खांद्याएवढीसुद्धा नाही त्याच्या.

“दार बंद आहे म्हणजे ती राहतेय,” त्या म्हणाल्या. “तिने सांगितलंय आम्हाला.”

“बोलली ती? कधी बोलली?”

“आत्ता.”

भावाने वर पाहिलं, मग यांच्याकडे. किल्ली त्याने दोनदा या हातातून त्या हातात घेतली. मग त्याचा समजावण्याचा आवाज कुठेतरी गेला आणि एकदम लहान, चिडका आवाज आला. “कपाटातून वडील तिला ओढायचे ना, तेव्हा दार मी उघडून द्यायचो. मला कडी काढता यायची.” तो थांबला. “बरी होईल का हो ती? कधी होईल?”

“आम्ही विचारत नाही,” आत्या म्हणाल्या.

“मग मी काय करू?”

या प्रश्नाचा आत्यांना राग यायला हवा होता, आला नाही. कालपासून या घरात प्रत्येकाने तोच विचारला होता. त्यांनी त्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली, टेबलावर ठेवली, आवाज होऊ न देता, आणि खुर्ची त्याच्यापुढे ठेवली, तीही उचलून.

“बस. बटाटे सोल,” त्या हळू म्हणाल्या. “चारला लागतात तिला.”